सासूबाईंचं पानदान आणि बिदरची माती

सासूबाईंच्या माहेरून आलेल्या बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवलेल्या, पानदानाच्या झाकणावरची चांदीची एक पाकळी निखळली होती. उदगीरहून बिदर तसं जवळच, तरी दोन वर्षं नुसतं जाऊ-जाऊ चाललं होतं. शेवटी परवा शनिवारी पानदान जुन्या पातळात गुंडाळलं आणि आम्ही दोघी निघालो.

बिदरमधल्या चौबारा या जुन्या बुरुजाजवळच्या गल्लीत एका खोलीत बिदरी कामाचा कारखाना आहे. तिथल्या कारागीर चाचांनी पानदान उजेडात धरून फिरवलं. "पुराना काम है अम्मा, तार देखो कित्ता बारीक है." सासूबाईंचा चेहरा असा खुलला!

काम सुरू होतं म्हणून आम्ही तासभर तिथंच बसलो. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली डबी मुळात करडी दिसते. मोरचुदाचं पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ दिसते. रेघ छिन्नीनं खोल करायची आणि चांदीची तार त्यात ठोकून बसवायची. मग घासलं की सगळंच पांढरट होतं, नक्षी जवळपास हरवते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम डबीवर चोळतात. जस्त काळंभोर पडतं, चांदी मात्र तशीच राहते आणि वेल एकदम उठून दिसते. माती कुठलीही चालत नाही, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागची लागते. चाचा ती जिभेला लावून पारखतात.

मागे एका दुकानातून घेतलेल्या फुलदाणीचा काळा रंग चक्क फडक्याला आला होता. म्हणून सांगते, काम चालतं तिथूनच घ्या. मी छोटी डबी साडेतीन हजारांना घेतली. तेवढी मेहनत डोळ्यांनी पाहिल्यावर घासाघीस करवली नाही.

दुपारी एका खानावळीत कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणी दोनदा मागितली. बहमनी वजीर महमूद गवानचा १४७२ चा मदरसा पाहिला. दोन मिनारांपैकी एकच उभा आहे, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे मात्र अजून लखलखतात. किल्ल्यातल्या रंगीन महालाला कुलूप होतं, विचारल्यावर उघडून दिलं. आवर्जून विचाराच. आत काळ्या दगडात शिंपले जडवलेत. सासूबाई हात न लावता कितीतरी वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या पानदानासारखंच."

संध्याकाळी पानदान तयार होतं. दुरुस्तीचे सहाशे घेतले. नवी पाकळी जरा जास्त चमकते, पण जोड बोटाला लागत नाही. खोबरेल लावून मऊ सुती कापडानं पुसायला सांगितलंय. शुक्रवारी दुपारी तिथलं काम बंद असतं, तेवढं बघून जा.