गाडी अ‍ॅपवर भाड्याने देताना: घरची पॉलिसी, अ‍ॅपचं संरक्षण की काळी नंबर प्लेट?

मुलगा-सून कॅनडात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. बडोद्यात मांजलपूर, कारेलीबाग, कुठेही अशी घरं सापडतात. मग कुणीतरी सुचवतं, घेणारा स्वतः चालवतो अशा भाड्याच्या अ‍ॅपवर टाका, कर्जाचा हप्ता तरी सुटेल. हप्ता सुटेलही. पण गाडी ठोकली तर पैसे कोण देणार, याची उत्तरं तीन प्रकारची आहेत. ती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी घरची पॉलिसी. तिच्या शेड्यूलमध्ये ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ असा एक परिच्छेद असतो. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर ही पॉलिसी लागू नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असलं तरी ही अट सुटत नाही. ‘क्लेम फॉर्मवर भाचा चालवत होता असं लिहा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. फॉर्मवर चालकाचं लायसन्स जोडावं लागतं, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) नातं विचारतो आणि बुकिंगची नोंद अ‍ॅपमध्ये राहतेच. खोटं उघडं पडलं की क्लेम जातो, आणि फसवणुकीचा आरोप मागे लागतो तो वेगळाच.

थोडा दिलासा न्यायालयांनी दिला आहे. खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने वापरली एवढ्यावरून क्लेम पूर्ण फेटाळू नये, नॉन-स्टँडर्ड (अट मोडलेला, म्हणून अंशतः मंजूर करायचा) क्लेम धरून काही रक्कम द्यावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2008 आणि 2010 च्या निकालांत घेतली. पण त्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, वकील धरावा लागतो.

मला खरी धास्ती थर्ड पार्टीची, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताची वाटते. गाडीखाली येऊन कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र 7.5 लाखांची मर्यादा असते. अटीचा भंग दिसला तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. म्हणजे मालक तुम्ही, गाडी दुसऱ्याच्या हातात आणि वसुलीची नोटीस तुमच्या दारात. बंपर फुटल्याचं दुःख महिन्याभरात विसरता येतं, हे नाही.

आता अ‍ॅपचं संरक्षण. हा बहुतेक वेळा विमा नसतो. अ‍ॅप कंपनी आणि तुम्ही यांच्यातला तो करार असतो आणि त्याच्या अटी कंपनी बदलू शकते. गेस्टने, म्हणजे गाडी भाड्याने घेणाऱ्याने, जास्त पैसे भरून वरचा प्लॅन घेतला तर त्याची जबाबदारी कमी होते. वरचा खर्च कंपनी किती उचलते, हे होस्टच्या, म्हणजे गाडीमालकाच्या, करारात पाहावं लागतं. टायर, रिम, सीटवरचे डाग, क्लचची झीज बहुधा वगळलेली असतात.

उदाहरणापुरते आकडे धरू. साडेतीन वर्षांच्या 1200 सीसी गाडीचा पुढचा बंपर गेला. बंपर 8,000, पेंटिंग 4,000, मजुरी 2,000, एकूण 14,000. साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर 50 टक्के घसारा म्हणून 4,000 कापले जातात. पेंटिंगच्या रकमेतला चौथा हिस्सा रंगाचा धरून त्यावर 50 टक्के, म्हणजे 500. प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची सक्तीची वजावट 1,000. हातात येतात 8,500, आणि पुढच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो. अ‍ॅपच्या संरक्षणात बोनसला धक्का लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण ‘ओरखडा आधीचाच होता’ असं गेस्टने म्हटलं की सगळं फोटोंवर येऊन ठेपतं. म्हणून किल्ली देण्याआधी उजेडात फोटो काढा: बंपरची खालची कड, चारही रिम, काचेवरचे बारीक टवके, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा एकाच फ्रेममध्ये. गाडी परत आली की त्याच कोनांतून पुन्हा. तक्रारीची मुदत तासांत मोजलेली असते.

बडोद्यात राहणाऱ्याने आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी समा, अकोटा भागांत शिरलं. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात) येतं, पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन लॉक झालं तर इंजिन प्रोटेक्ट या जादा कव्हरशिवाय सहसा काही मिळत नाही. गेस्टला हे ठाऊक नसतं, त्यामुळे अ‍ॅपच्या अटींत इंजिनबद्दल काय लिहिलंय ते शोधाच. दुसरी गोष्ट दारूबंदी. मध्य प्रदेशच्या सीमेवरून किंवा दमणहून येताना डिकीत बाटल्या सापडल्या तर गाडीच जप्त होते. पॉलिसीत आग, चोरी, पूर, दंगल, अपघात अशा ठरावीक धोक्यांची यादी असते. जप्ती त्यात नाही.

गेस्टने गाडी परतच केली नाही तर? पोलिसांत ती चोरीऐवजी विश्वासघाताची तक्रार ठरू शकते आणि विमा कंपनी त्याच फरकावर बोट ठेवते. म्हणून करारात ‘न परतलेली गाडी’ यावर वेगळं कलम असायलाच हवं.

तिसरा रस्ता काळ्या प्लेटचा, पिवळ्या अक्षरांचा, म्हणजे भाड्याने स्वतः चालवायला द्यायची गाडी म्हणून नोंदणी करण्याचा. परमिट आणि व्यावसायिक पॉलिसी असल्याने भाड्याचा प्रश्नच उरत नाही. एरवी परमिटशिवाय गाडी भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192ए खाली दंड आणि कैदही होऊ शकते. पण 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्या लागतात. एका गाडीच्या मालकाला परवानाधारकाशी जोडून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

माझा कौल असा. घरात एकच गाडी, वर 45-50 टक्के बोनस साठलेला, तर अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. दुसरी, जुनी गाडी असेल आणि तुमच्या गाडीच्या नंबरवर भाड्याच्या वापरासाठी थर्ड पार्टी पॉलिसी काढल्याचं अ‍ॅप कागदावर दाखवत असेल, तर विचार करा. धंदाच करायचा तर काळी प्लेट. गाडी घेणाऱ्यानेही गाफील राहू नये, कारण मालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालकापुरताच असतो, त्याला लागू होत नाही. कुठल्याही वाटेने जायचं असलं तरी पॉलिसीचा नंबर, विमा कंपनीचं नाव आणि वगळलेल्या गोष्टींची यादी ई-मेलवर मागवा, आणि ती येईपर्यंत गाडी अ‍ॅपवर चढवू नका.