मकतब, घरी येणारे उस्ताद की मोबाइलवरचा वर्ग? मुलांच्या कुराण पठणासाठी काय निवडाल

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर या आपल्या भागात मूल पाच-सहा वर्षांचं झालं की घरात विषय निघतोच: कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, कुठे सुरू करायचा? पूर्वी निवडीचा प्रश्नच नव्हता, मोहल्ल्यातल्या मशिदीतला मकतब, म्हणजे कुराण वाचायला शिकवणारा वर्ग, ठरलेला. आता घरी येणारे हाफिजजी (कुराण तोंडपाठ असलेले उस्ताद) आहेत, गल्लीत शिकवणाऱ्या आपा (बाई) आहेत आणि मोबाइलवर शिकवणारे तर पैशाला पासरी. फी, अंतर, वेळ सगळेच बघतात. मी आधी एवढंच विचारेन, की रोज तुमच्या मुलाचं एकट्याचं वाचन कोण ऐकणार, आणि किती वेळ?

कारण साधी सूरह इख्लास, कुराणातला एक छोटा अध्याय, घ्या. चारच आयती (वचनं). पण त्यातली अरबी अक्षरं बघा: ‘कुल’मधला काफ जिभेच्या मुळातून, ‘अहद’मधली ‘हे’ घशाच्या मधून, ‘समद’मधला स्वाद भरीव, आणि आयतीच्या शेवटी थांबलं की दालला कलकला, म्हणजे हलका ठोका. मराठी माध्यमातलं पोर हे सगळं आपल्या नेहमीच्या क, ह, स, द वर उरकून मोकळं होतं. ‘जोर’, ‘जग’ यातल्या ज ची सवय असल्यामुळे अरबी ‘ज़े’ सुद्धा तसाच येतो. हे कुणीतरी कान देऊन, तोंडाकडे बघून, तिथल्या तिथे सुधारावं लागतं. म्हणूनच देवनागरीत छापलेलं कुराण पठणासाठी मुलाच्या हाती देऊ नये. त्यात ‘से’, ‘सीन’, ‘स्वाद’ या तिन्ही अक्षरांचा एकच ‘स’ होतो. मराठी भाषांतर अर्थासाठी जरूर ठेवा.

मकतबची मोठी जमेची बाजू म्हणजे रोजचा रिवाज. रिहल (कुराण ठेवायचा घडीचा स्टँड) पुढ्यात, शेजारी वर्गातलीच पोरं, आणि सगळ्यांचा एका सुरात ‘बे जबर ब, बे जेर बि’. हिज्जे, म्हणजे अक्षराला स्वर जोडून वाचणं, असे घोकून पक्के होतात, नमाज आणि दुआ त्यातच येतात, फी नावापुरती. पण हिशेब करा: तासाभरात तीस मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं. एकदा तोंडात बसलेला ‘ऐन’ या अक्षराचा चुकीचा उच्चार मग पुढे तसाच चालतो. वेळेचीही ओढाताण असते. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे फजरनंतरचा (पहाटेच्या नमाजनंतरचा) मकतब असेल तर त्या दिवशी धावपळ. मकतबला सुट्टी जुम्याला (शुक्रवारी), शाळेला रविवारी. पोरांची कुरकुर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

घरी येणारे उस्ताद पूर्ण वेळ तुमच्याच मुलाला देतात. इथे घोटाळा बहुतेक वेळा आपणच करतो. दर आठवड्याला ‘किती पारे (कुराणाच्या तीस भागांपैकी किती) झाले?’ विचारलं की उस्तादही पळवायला लागतात आणि कुराण वाचून खत्म (पूर्ण) होतं तेव्हा मूल अंदाजाने वाचत असतं. पाऱ्यांऐवजी आमुख्ता विचारा, म्हणजे मागचा सबक आज न अडखळता येतो का. अडखळलं तरी ओरडू नका. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, असं हदीसमध्येच आलंय. आणखी एक: हाफिजजी स्वतः तरावीह (रमजानातली रात्रीची नमाज) पढवत असतील तर रमजानात शिकवणी सुटणार, हे गृहीत धरा. मुली जरा मोठ्या झाल्या की त्यांचा मकतब बंद होतो आणि वाचन अर्ध्यावर राहतं. त्यांच्यासाठी गल्लीतल्या आलिमा (धर्मशिक्षण घेतलेल्या) आपांसारखी सोय नाही. आपा मिळत असतील तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

ऑनलाइन वर्गात समोरासमोर शिकवणी मिळते, तज्वीद (शुद्ध उच्चाराचे नियम) चांगली जाणणारे उस्ताद लांबूनही मिळतात. पण एक अडचण फी भरल्यावरच कळते. आपल्या मशिदींत आणि घराघरांत असतो तो भारतीय छापाचा मुसहफ (कुराणाची प्रत), तेरा किंवा पंधरा ओळींचा. मोबाइलवर बरेचदा मदिनेच्या छापाचा असतो. कुराण तेच, पण जज्म (अक्षराला स्वर नाही हे सांगणारी खूण), मद (लांबवून म्हणायची खूण) आणि न उच्चारायच्या अलिफच्या खुणा वेगळ्या दिसतात. त्यात अरब उस्ताद जबर-जेर-पेशला (अ, इ, उच्या खुणांना) फतहा-कसरा-दम्मा म्हणतात. मोठ्यांना यात काही वाटत नाही, कायद्यावरचं मूल मात्र गांगरतं. पहिल्याच दिवशी विचारा, मुसहफ कोणता? जमल्यास तुमच्या घरातलाच धरायला सांगा. फोनच्या स्पीकरवर सीन आणि स्वाद सारखेच ऐकू येतात, तेव्हा इयरफोन लावा. ‘से’ म्हणताना जिभेचं टोक दातांत येतं का, हे उस्तादांना दिसेल एवढा उजेड चेहऱ्यावर हवा. खानापूरकडे पावसाळ्यात लाइट आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, ते वेगळंच.

मी तरी कायदा आणि अम्मा पारा (शेवटचा, तिसावा पारा) मकतबमध्येच करवून घेईन आणि घरी रोज दहा मिनिटं अम्मी, अब्बा किंवा दादीने ऐकायची पाळी लावेन. घरात कुणालाच नीट येत नसेल तर मिसरचे (इजिप्तचे) कारी, म्हणजे पठणाचे जाणकार, महमूद खलील अल-हुसरी यांचं शिकवणीसाठी केलेलं संथ पठण लावा; एक आयत ऐकायची, थांबवायची, मुलाने म्हणायची. मखरज (अक्षरांची उच्चारस्थानं) कच्चे राहिलेत असं वाटलं तर नाजिरा (बघून वाचन) चालू असताना वर्षभर उस्ताद किंवा ऑनलाइन वर्गाची जोड द्यावी. चार-दोनच मुस्लिम घरं असलेल्या खेड्यात मकतब नसतो, तिथे ऑनलाइनच घ्या, पण महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी जवळच्या गावातल्या इमामांपुढे मुलाला बसवून वाचन ऐकवा.

हिफ्जचा (कुराण तोंडपाठ करण्याचा) विचार आत्ता नको. नाजिरा सफाईने झाल्यावर तो उस्तादांशी बोलून ठरवा.