नमुना एक, माल दुसराच: बागेचं खत, आच्छादन आणि दगड घेताना झालेली फसवणूक

घराभोवतीची बाग नव्याने करून देणाऱ्या एका ठेकेदाराने मला खत, आच्छादन (मातीवर पसरायचा सालीचा किंवा ढलप्यांचा थर) आणि दगड अशा तिन्ही गोष्टींत फसवलं. तो हाच माल घेऊन उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहील, म्हणून जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

नमुना म्हणून त्याने दाखवलेलं कंपोस्ट खरोखर चांगलं होतं. काळसर, भुसभुशीत, मुठीत दाबलं की गोळा होणारं आणि बोट लावताच सुटणारं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं. कशापासून केलंय, किती महिने कुजवलंय, हे सगळं मी विचारलं होतं. उत्तरं तयार होती. कामाच्या दिवशी गाडी आली आणि माणसं लगेच फावडी घेऊन उतरली. मी ढिगात हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं, नाकात अमोनियाचा झणका गेला. काम थांबवायला सांगितलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, "ताई, गरम खत म्हणजे जिवंत खत. थंड पडलं की ताकद गेली. आणि गाडी लगेच परत द्यायचीय, पसरून टाकू द्या."

हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथेच सावध व्हा. कंपोस्टचा ढीग तापतो, कारण आत जिवाणू जोरात काम करत असतात. नीट रचलेल्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, आणि ते चढायलाच हवं, कारण तणाचं बी आणि रोगजंतू त्या उष्णतेत मरतात. पण त्यानंतर ढीग थंड होऊन मुरावा लागतो. विकायला आणलेलं खत आतून गरम असेल तर त्याचं कुजणं अजून संपलेलं नाही. ते मातीत गेलं की उरलेलं कुजणं मुळांशेजारी सुरू राहतं. त्यात भुसा जास्त असला तर जिवाणू झाडांच्या वाट्याचा नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं कोवळी मुळं जाळतात. पक्व खतात कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण २०:१ किंवा त्याहून कमी असतं. भुशाने भरलेल्या कच्च्या मालात ते कितीतरी जास्त असतं.

नव्या रोपांची खालची पानं पिवळी पडू लागली. आधी तो म्हणाला, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवल्यावर म्हणाला, पाणी जास्त झालंय. मग मी आच्छादन बाजूला सारून वाफा उकरला. खाली ओला भुसा, अख्खी ओळखू येणारी पानं आणि प्लास्टिकच्या चिंध्या होत्या.

त्याची खरी युक्ती इथे आहे. खत मातीत मिसळायचं, त्यावर आच्छादन टाकायचं, कडेने दगड लावायचे आणि हे सगळं एका दिवसात उरकायचं. प्रत्येक थर खालच्या थरावर पांघरूण घालतो आणि संध्याकाळी बाग इतकी देखणी दिसते की शंका घेणाराच वेडा ठरतो. म्हणून थरांमध्ये निदान काही दिवसांचं अंतर ठेवण्याची अट आधीच घाला.

खत पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून काही दिवस ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबूस वास आला तर ते कच्चं आहे. दुसरी परीक्षा मुळ्याच्या बियांची. एका कुंडीत खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत सारखंच बी. पहिलीतलं बी उगवलंच नाही किंवा खुरटलं, तर ते खत बागेत नको. शेंगवर्गीय बी लावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. क्लोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं कंपोस्ट होतानाही सहज नष्ट होत नाहीत, आणि त्यांचा अंश असेल तर वाटाण्या-घेवड्याची कोवळी पानं वेडीवाकडी, मुडपलेली येतात.

आच्छादनाबद्दल ठरलं होतं ते झाडांच्या सालीचं. आलं ते रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्यांचं, त्यात खिळे आणि प्लायवूडचे कपचे. रंग बहुतेकदा लोहाच्या ऑक्साइडचा किंवा काजळीचा असतो, त्याने सहसा बिघडत नाही. घोर लावते ते आतलं लाकूड. जुन्या बांधकामातल्या लाकडावर क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकची प्रक्रिया झालेली असू शकते, आणि रंगाखाली ते ओळखू येत नाही.

मापातही मारलं. १०० चौरस फुटांवर ३ इंचांचा थर द्यायला २५ घनफूट माल लागतो. पट्टी खुपसून पाहिली तर थर जेमतेम निम्मा होता, आणि खोडांभोवती मात्र भरगच्च दिसावा म्हणून ढीग रचलेले. खोडाला चिकटलेल्या ओल्या ढिगाने साल कुजते, ते मी लगेच हटवले. खत त्याने वजनावर दिलं होतं, तेही निथळत्या पाण्यासकट. खत आणि आच्छादन घनफुटांत मोजूनच घ्या.

दगडांच्या बाबतीत गारगोटीचे पांढरे गोटे ठरले होते. मी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि बुडबुडे आले. गारगोटीवर असं होत नाही. हा चुनखडक किंवा संगमरवर. तो हळूहळू विरघळतो आणि मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढवतो. अनंत, हायड्रेंजिया यांसारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना मग लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात. माझ्या झाडांवर ही वेळ येण्याआधी मी गोटे उचलून ठेवले. काळे दगड घेतलेत तर रात्रभर पाण्यात ठेवून पांढऱ्या कापडाने चोळा. मला मिळालेल्या काळ्या दगडांचा रंग कापडावर उतरला.

शेवटचा हप्ता मी अडवून ठेवला आहे. उकरलेल्या वाफ्यांचे, पट्टीवरच्या मापाचे आणि खिळ्यांचे फोटो त्याला लेखी तक्रारीसोबत पाठवले आहेत. नमुन्याची पिशवीही माझ्याकडेच आहे, त्याच्या सहीची चिठ्ठी लावलेली. तुम्ही काम द्याल तेव्हा नमुना असाच सही घेऊन स्वतःकडे ठेवा, आणि गाडी आली की माल उतरवण्याआधी त्याच्याशी ताडून पाहा.