ब्रेकचं पेडल दगड झालं: ॲक्युम्युलेटर बदलायचा, पंप, की अख्खा बूस्टर?

आंबोलीचा घाट उतरून दाणोलीला आलो तेव्हा उजव्या पायाची पोटरी भरून आली होती. गाडी मित्राची, नव्वदच्या दशकातली, बाहेरून आणलेली स्पोर्ट्स कार. मित्र आखातात असतो. गाडी सावंतवाडीजवळच्या घरी शेडमध्ये झाकलेली असते आणि गणपतीत नाहीतर मे महिन्यात बाहेर निघते. शेवटच्या चार वळणांवर ब्रेकचं पेडल इतकं कडक झालं की दोन्ही पाय देऊन उभं राहावंसं वाटलं. गाडी थांबत होती, पण मिनतवारीनं.

कुडाळच्या फिटरनं पेडल दोनदा दाबलं आणि मान हलवली. "ह्यां काय खरां न्हय. बूस्टर गेलो."

आठवड्याभरात मित्राकडे तीन सल्ले जमा झाले. एक म्हणतो ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणारा गोळा, बदल. दुसरा म्हणतो मुंबईत भंगारातल्या गाडीचं अख्खं युनिट मिळेल, तेच टाक. तिसरा म्हणतो हे तेलाचं लफडं काढून साधा व्हॅक्यूम बूस्टर बसव. मित्रानं मला विचारलं, आणि कोकणात अशी गाडी बाळगणारे अजूनही असतील म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

बूस्टरच आहे ना, हे आधी

घाटात ब्रेक 'गेला' म्हणताना माणसं तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगतात. पेडल जवळजवळ नेहमीसारखंच, पण गाडी धरत नाही आणि करपल्याचा वास येतोय, तर पॅड तापलेत. घाटाच्या तळाशी चहा घेऊन येईपर्यंत ते बरेचसे सावरतात. पेडल मऊ होऊन खाली खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) आतून तेल सोडतोय. बूस्टरच्या दुखण्यात मात्र पेडल कडक होतं, वास नसतो, आणि जीव खाऊन दाबलं तर गाडी थांबतेही. बूस्टर फक्त पायाचा जोर वाढवतो. तो गेला तरी ब्रेक शिल्लक असतो. हे माहीत असलेला माणूस घाटात घाबरून पाय काढत नाही.

ऑइल उकळणं आपल्याकडे थट्टेवारी नेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळायला नको, पण पाणी मुरल्यावर त्याच दर्जाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. दर दोन वर्षांनी बदला, असं साधारण सांगतात. समुद्राकाठी चार महिने पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी दर वर्षी दिवाळीच्या आसपास बदलतो.

हवेचा आणि तेलाचा

रोजच्या बहुतेक गाड्यांत बूस्टर हवेचा असतो, म्हणजे व्हॅक्यूमचा. पुढे मोठा काळा डबा आणि त्याला इंजिनाकडून किंवा व्हॅक्यूम पंपाकडून आलेली नळी. त्याची परीक्षा सोपी: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल बोटभर खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर आधी नळी आणि तिचा वॉल्व्ह बघा.

तेलाच्या बूस्टरचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की निदान फसतं. पहिला पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालतो. १९९६ ते २००४ च्या व्ही-८ मस्टँगमध्ये असाच होता. वरचीच परीक्षा केली तर यात पेडल आधी खाली जातं आणि मग पायाला वर ढकलतं. ब्रेक कडक आणि स्टीअरिंगही जड असेल, तर बूस्टरला दोष देण्यापूर्वी पट्टा आणि स्टीअरिंगचा पंप बघा.

दुसऱ्यात वेगळा विजेचा पंप असतो. तो ब्रेक ऑइलच दाबून ॲक्युम्युलेटरमध्ये साठवतो. ॲक्युम्युलेटर म्हणजे लोखंडी गोळा: आत पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. पोर्शे ९६४ मालिकेत चारही चाकांना ताकद देणाऱ्या कॅरेरा ४ ला हा प्रकार होता, तर कॅरेरा २ ला व्हॅक्यूमचा. मित्राची गाडी याच दुसऱ्या जातीची. फिटरच्या डोळ्यासमोर मात्र व्हॅक्यूमचा डबाच होता, म्हणून त्यानं इंजिन चालू-बंद करून बघितलं आणि निकाल दिला. या जातीत इंजिनाचा संबंधच नाही. सगळं चावीवर आहे.

चावी द्या आणि कान लावा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. पेडल पंचवीसेक वेळा पूर्ण दाबा. हळूहळू ते कडक होत जाईल, म्हणजे साठलेला दाब संपला. आता बॉनेट उघडं ठेवून चावी द्या, इंजिन चालू करू नका. पंपाची घरघर सुरू होईल. मोबाइलवर वेळ लावा.

निरोगी गाडीत पंप काही वेळ चालतो, आवाज भरत जातो आणि टक्कन थांबतो. किती सेकंद, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. थांबल्यावर पेडल काही वेळा दाबलं तरी तो लगेच जागा व्हायला नको.

मित्राच्या गाडीत पंप सुरू झाला आणि मी आकडा बघायच्या आत थांबला. पेडल एकदा दाबलं, पुन्हा घर्र. परत दाबलं, परत घर्र. याचा अर्थ गोळ्यातला नायट्रोजन गेलाय. तेल लवचीक नसतं. मागे गॅसची गादी नसेल तर दाब लगेच चढतो आणि एका ब्रेकमध्ये उतरतो. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकांमध्ये पंपाला उसंत मिळते, म्हणून काही कळत नाही. आंबोलीत वळणामागून वळण येतं, तिथे भांडं फुटतं.

पेडलला हातही न लावता पंप दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर दाब आतून कुठेतरी झिरपतोय. तो बूस्टरच्या सीलचा किंवा वॉल्व्हचा दोष, आणि तिथे गोळा बदलून पैसे वाया जातात. पंप थांबतच नसेल तर पंप झिजलाय किंवा दाबाचा स्विच बिघडलाय. मिनिट-दोन मिनिटांत चावी बंद करा, नाहीतर मोटर जळेल. आणि पंपाचा आवाजच नसेल तर, देवाशपथ, कोणताही पार्ट मागवण्याआधी फ्यूज, रिले आणि कपलर उघडून बघा. खाऱ्या हवेनं तांब्यावर हिरवी बुरशी चढलेली असते. पॉलिश पेपर आणि क्लीनर एवढ्यावर भागलेलं मी पाहिलंय.

एक छोटी फसगत. दाब भरला की टाकीतलं ऑइल खाली जातं आणि दाब संपवला की वर येतं. हे माहीत नसलेला माणूस पातळी बघून भर घालतो आणि पुढच्या वेळी ऑइल टाकीबाहेर येतं, रंग उडवतं. पातळी कोणत्या अवस्थेत मोजायची ते टाकीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

तीन सल्ल्यांपैकी कोणता

वरची लक्षणं असतील तर माझं मत ॲक्युम्युलेटरच्या बाजूनं आहे. तिन्हींत हा स्वस्त आहे आणि उलगडायलाही कमी. पण दोन अटी. 'नवा' म्हणून आलेल्या गोळ्यावरची बनावटीची तारीख बघा. दहा वर्षं शेल्फवर पडलेल्या गोळ्यातूनही गॅस निसटतो. आणि खोलण्याआधी चावी बंद करून पेडल परत पंचवीस वेळा दाबाच. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. इथे तो शंभर बारच्या वर असतो. जुना गोळा तापवू नका, त्याला भोक पाडू नका.

जुनं अख्खं युनिट मला पटत नाही. तीस वर्षांच्या दुसऱ्या गाडीचा गोळाही तीस वर्षांचाच, आणि सील किती सुकलेत ते बाहेरून दिसत नाही. पैसे देऊन दुसऱ्याचं दुखणं घरी आणणं झालं ते. सील झिरपतायत हे नक्की कळलं, तर आपलंच युनिट दुरुस्तीला पाठवावं.

व्हॅक्यूम बसवणं ऐकायला सोपं वाटतं. पण पेडलचं गुणोत्तर, मास्टर सिलिंडरचा व्यास, पाइप, एबीएसशी (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी) जुळणं, सगळंच बदलतं. टर्बो इंजिन असेल तर टर्बो हवा दाबत असताना इंटेकमध्ये व्हॅक्यूमच नसतो, म्हणजे वेगळा पंपही लागू शकतो. अपघात झाला तर विमा कंपनी हेच उकरून काढेल. घाट उतरायच्या गाडीत मी हा प्रयोग करणार नाही.

राहता राहिला प्रश्न गाडी कुठे न्यायची. टोचन करून मुळीच नको. चावी नसेल तर पंप नाही आणि दोरावर ब्रेक तर लागतोच. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, मागवा. गोळा बदलायला कुडाळचा आपला फिटर पुरतो, फक्त त्याला मॅन्युअलचं पान दाखवा. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना एबीएससाठी स्कॅनर लागत असेल तर मात्र कोल्हापूर किंवा पणजी गाठावी.

मित्राचा गोळा मे महिन्यात बदलला. त्याच फिटरनं बसवला आणि मग स्वतःच बसून पेडल मोजत राहिला: एक, दोन, तीन... सहाव्या दाबाला पंप बोलला.