जुळ्या वासरांसाठी थेट रोपणाची भ्रूणकांडी: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

बीफच्या कळपात गाईचा वर्षभराचा चारा एकाच वासराच्या नावावर पडतो. आपणहून जुळी देणारी गाय शंभरात एखादीच. अमेरिकेत नेब्रास्कातल्या क्ले सेंटरच्या सरकारी संशोधन केंद्राने १९८१ पासून निवड-पैदाशीने जुळ्यांचा कळप उभा केला, पण त्याला पिढ्या लागल्या. इथिलीन ग्लायकॉल या गोठणरोधक द्रावात गोठवलेल्या सात दिवसांच्या भ्रूणाची पाव मिलीची कांडी, म्हणजे वितळवून थेट गाईत सोडायची बारीक नळी, हेच एका माजात साधू शकते. कांडी म्हणून माल उत्तम. बिघडतं ते वापरताना.

द्रव नायट्रोजनमधून कांडी काढल्यावर ५ ते १० सेकंद हवेत धरा, मग २५-३० अंशांच्या पाण्यात १०-१५ सेकंद. थेट पाण्यात बुडवली तर आतल्या बर्फाला तडे जातात आणि भ्रूणाचं कवच फुटतं. दहा मिनिटांत रोपण व्हायलाच हवं, म्हणून गाय आधीच खोड्यात, शेपटीच्या मुळाशी भूल देऊन तयार ठेवा.

सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे माजावर रेतन केलेल्या गाईत सातव्या दिवशी एक कांडी. पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) कुठल्या बाजूला आहे ते अल्ट्रासाउंडवर पाहून भ्रूण गर्भाशयाच्या विरुद्ध बाजूच्या शिंगात ठेवायचं. गाईचं स्वतःचं भ्रूण पीतपिंडाच्या बाजूला असतं. दोन्ही एकाच शिंगात पडली तर जागा पुरत नाही आणि पुढे गर्भ जातात. हात मात्र हलका हवा. शिंगाची ओढाताण झाली की अस्तर दुखावतं, गर्भ पाडणारं प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक सुटतं आणि आधीचा गर्भही हातचा जातो.

लिंग न तपासलेली कांडी पैदाशीसाठी घेऊच नका. गोऱ्ह्याबरोबर गर्भात वाढलेली कालवड शंभरात नव्वदहून अधिक वेळा वांझ निघते. भ्रूण मादी असेल तर रेतनही मादीच्या सेक्स्ड सीमेनने (कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या वीर्याने) करा. तेही साधारण ९० टक्केच खात्रीचं. दोन्ही वासरं मांसासाठीच वाढवायची असतील तर ही अडचण उरत नाही.

पहिलारू कालवडीत वापरू नका. ४० ते ५५ दिवसांत तपासून जुळ्यांच्या गाई वेगळ्या काढा आणि शेवटचे तीन महिने त्यांचा खुराक वाढवा. जुळी आठवडाभर आधी येतात, वार अडकते. ओढण्याआधी हाताला लागलेले दोन्ही पाय एकाच वासराचे आहेत ना, ते चाचपा. गाय दूर कुरणात, नजरेआड वीत असेल तर ही कांडी घेऊ नका: ती एका वासराला घेऊन पुढे निघते आणि दुसरं चिकाविना मागे राहतं.