सेटलमेंटच्या कागदावर सही करायच्या आधी इथे जाऊन या (लेबर वकील, शिवाजीनगर, पुणे)

एचआरने मीटिंगला बोलावलंय, समोर कागद ठेवलाय आणि "आज सही केलीत तर एवढे पैसे, उद्या आलात तर काहीच नाही" असं म्हणतायत, तुमच्या बाबतीत हे चालू असेल तर प्लीज हा रिव्ह्यू पूर्ण वाचा. शिवाजीनगर कोर्टाजवळ या वकील मॅडमचं छोटं ऑफिस आहे, फक्त नोकरीच्या केसेस बघतात आणि कंपनीच्या बाजूने केस घेत नाही हे त्या आधीच सांगतात. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे अशी माणसं आपल्याला सहज सापडत नाहीत, मलाही बाबांच्या जुन्या युनियनमधल्या एका काकांनी नंबर दिला. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझी केस अशी. खराडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं आठ महिने. अचानक सांगितलं की तुमची पोस्ट राहिलेली नाही, कंपनी "चांगलं पॅकेज" देतेय साडेपाच लाखांचं, फक्त पोर्टलवर स्वतःहून राजीनामा टाका आणि या कागदावर सही करा. घरी लोन चालू, मुलीची फी भरायची, अशा वेळी साडेपाच लाख हा आकडा मोठाच वाटतो हो. बाबा मात्र फोनवर एकच वाक्य बोलले, सही करू नकोस, आधी कुणाला तरी दाखव.

मॅडमनी कागद वाचायच्या आधी सॅलरी स्लिप मागितली. पेन घेऊन पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला तो असा. ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना कंपनीने द्यायची रक्कम) म्हणजे शेवटचा मूळ पगार (बेसिक) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. माझं बेसिक ५२,००० म्हणजे वर्षाला ३०,०००, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे दहा वर्षं, म्हणजे ३ लाख. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस दोन महिन्यांची, एकूण पगार १,०४,००० म्हणजे २,०८,०००. वर शिल्लक रजेचे पैसे. बेरीज केली तर त्यांचे साडेपाच लाख तिथेच संपले! म्हणजे कंपनी स्वतःच्या खिशातून जवळजवळ काहीच देत नव्हती, माझेच पैसे मला "पॅकेज" म्हणून दाखवत होती आणि त्या बदल्यात माझ्याकडून राजीनामा आणि सगळे हक्क सोडल्याची सही घेत होती. मला त्या खुर्चीत बसून इतका राग आला की दोन मिनिटं बोलताच येईना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ग्रॅच्युइटी हा तुमचा कायद्याने हक्क आहे, पाच वर्षं झाली की तो मिळणारच, कुठल्याही करारात लिहून तो काढून घेता येत नाही. सेटलमेंटचा आकडा ग्रॅच्युइटी वगळून सांगा म्हणावं."

मग मुख्य मुद्दा, राजीनामा. हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि ओळखीतल्या कुणालाच माहीत नाहीये. शिस्तभंगाची कारवाई सोडून, मालकाने स्वतःहून नोकरीवरून काढलं की ती कायद्यात बहुतेक वेळा कपात (रिट्रेंचमेंट, म्हणजे नोकरकपात) धरली जाते, आणि कपात म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. हे ग्रॅच्युइटीपेक्षा वेगळं, वर. पण तुम्ही स्वतःहून राजीनामा दिला की कपात झालीच नाही, मग हे पैसेही नाहीत आणि भांडायला जागाही उरत नाही. पोर्टलवरचं ते एक बटण दाबून घेण्यासाठी एवढी घाई का चालली होती ते तेव्हा कळलं.

अर्थात हे सगळं "कामगार" असाल तर, आणि आयटीवाले स्वतःला कामगार समजतच नाहीत. माझ्या नावापुढे लीड लागलेलं, मला वाटलं आपण मॅनेजमेंट. मॅडमनी विचारलं, तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का, अप्रेझल तुमच्या सहीने होतं का, कुणाला घ्यायचा-काढायचा अधिकार आहे का. एकाचंही उत्तर हो नव्हतं, मी दिवसभर टेस्ट केसेस चालवायचे आणि दोन मुलांना शिकवायचे. कोर्ट हुद्दा बघत नाही, मुख्य काम काय करता ते बघतं, तांत्रिक काम करणारा माणूस कामगारच्या व्याख्येत बसू शकतो, पगार कितीही असो. पगाराची मर्यादा (आता १८,०००) फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना आहे. मात्र खरोखर मॅनेजर असाल तर हा रस्ता बंद, मग करारात काय लिहिलंय त्यावरच सगळं, हेही त्यांनी लपवलं नाही. खोटी आशा दाखवत नाहीत हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, मॅडम त्यात एकदम अपडेटेड आहेत. काढलं किंवा राजीनामा दिला तरी पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा (माझ्या कागदावर फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, ४५ दिवसांत असं लिहिलेलं), ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात नवीन कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचा पगार, आणि वाद न्यायची मुदत आता तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आलीय, तेव्हा बघू नंतर करत बसू नका. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर असतील तर वरचा भाग पगारात धरायचा असाही नियम आलाय, ज्यांचं बेसिक मुद्दाम कमी ठेवलंय त्यांनी ग्रॅच्युइटीचा आकडा परत काढून घ्या.

त्याच दिवशी त्यांनी दोन कामं करायला लावली. एक, एचआरला साधा मेल, की आज मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही, कागद वाचायला वेळ हवा. बस्स एवढंच, भांडण नाही, आरोप नाहीत. दुसरं म्हणजे लॅपटॉप काढून घ्यायच्या आधी सॅलरी स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, अप्रेझलचे मेल, पीएफचं पासबुक हे स्वतःचे कागद जपून ठेवणं. पण क्लायंटची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायची नाही हे त्यांनी तीनदा बजावलं, कारण मग कंपनीला तुम्हाला गैरवर्तनाखाली काढायचं आयतं कारण मिळतं.

पुढे मॅडमनी पत्र दिलं आणि गाडी जागेवर आली. कोर्टात जावं लागलं नाही. ग्रॅच्युइटी, नोटीस आणि रजेचे पैसे वेगळे, सेटलमेंटची रक्कम वेगळी अशी मांडणी झाली, रक्कमही चांगली वाढली, मेडिक्लेम पुढचे काही महिने चालू ठेवला, रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाच्या पत्राचा मजकूर करारालाच जोडून घेतला म्हणजे नंतर "परफॉर्मन्समुळे काढलं" असं लिहायला नको. एक वर्ष दुसऱ्या तशाच कंपनीत काम करणार नाही असं एक कलम होतं, ते मॅडमनी सरळ लाल पेनने कापलं, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यावरची अशी बंधनं चालत नाहीत म्हणे. मी एकटी असते तर ते कलम घाबरून पाळत बसले असते.

फी. पहिल्या भेटीचे दोन हजार, पत्राचे आणि वाटाघाटींचे वेगळे, सगळं आधी सांगितलं. मिळणाऱ्या पैशातले टक्के मागितले नाहीत. टक्क्यावर केस घेणं वकिलांना नियमाने चालतच नाही, तेव्हा कुणी "वीस टक्के द्या, बाकी मी बघतो" म्हणालं तर तिथून उठा.

एक स्टार कापतेय त्याचं कारण फोन. दुपारी कोर्टात असतात, फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री येतं, आणि ज्या माणसाला उद्या सही करायचीय त्याच्यासाठी ती दुपार फार मोठी असते. असिस्टंट चांगला आहे पण त्याला कायद्याचं काही विचारू नका. पावती मागावी लागते. जिना अरुंद, लिफ्ट नाही, वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर आधी सांगा, खाली येऊन भेटतात. पार्किंगचा विचारही नको, जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशनवरून चालत या, खराडी-विमाननगरच्या लोकांनी रामवाडीवरून मेट्रो धरावी. जाताना अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या काही स्लिपा आणि कंपनीने दिलेला कागद यांच्या झेरॉक्स न्या. कागद देत नसतील तर तो मेलवर मागा, मॅडम पहिला प्रश्न तोच विचारतात.

आणि फी परवडत नसेल तर तेही त्यांनी स्वतःच सांगितलं: शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे औद्योगिक कामगारांना आणि बायकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, बाईचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी चाकणच्या एका कंत्राटी मुलीला फी न घेता तिकडे पाठवलं, अर्जात काय लिहायचं तेही सांगून.