विंडोज ११ की लिनक्स मिंट?

म्हापशात हार्डवेअरचं दुकान चालवणारा माझा चुलतभाऊ पेचात आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता नवा लॅपटॉप घेऊन विंडोज ११ वर जायचं, की जुन्यावरच विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची?

खर्चाचा हिशेब सोपा आहे. मिंट फुकट मिळतं आणि ४ जीबी रॅमवरही चालतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे त्याचा जुना लॅपटॉप बहुधा बाद.

रोजच्या कामात मात्र विंडोज पुढे. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजसाठीच बनलंय. मिंटवर वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून खटपट करता येते, पण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी ती करत कोण बसणार? मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे.

संगणकावर आपला ताबा हवा असेल तर चित्र उलटतं. मिंटमध्ये अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवतो. काही बिघडलं तर टाइमशिफ्ट या मिंटमधल्या सोयीने आधी घेतलेल्या नोंदीवरून सिस्टीम पूर्ववत करता येते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीत शेकडो फोटोंची नावं बदलता येतात. विंडोजमध्येही तशीच पॉवरशेल आहे म्हणा, पण उघडतो कोण! शिवाय टर्मिनलमध्ये चुकीचा आदेश दिला, तर फाइल कचरापेटीत न जाता थेट नाहीशी होऊ शकते.

तेव्हा दुकानाला विंडोज. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतणीला जुन्या लॅपटॉपवर मिंट, तेही आधी पेनड्राइव्हवरून चालवून, वायफाय आणि आवाज तपासूनच.